जेफ ट्रॅव्हिस यांना, न सांगता दुसरी बाजू लावली त्याबद्दल

प्रिय जेफ ट्रॅव्हिस,

हे पत्र मराठीत लिहितेय, कारण ते आधी माझ्या आईला वाचून दाखवायचं आहे. भाची त्याचं इंग्रजी करून तुमच्याकडे पाठवेल. आई आता ९१ वर्षांची आहे. गेल्या आठवड्यात लंडनमधल्या वेम्ब्लीच्या घरातलं तिचं कपाट आवरत होते, तर साड्यांच्या थप्पीखाली आमची रेकॉर्ड सापडली. सात इंची, हातानं चिकटवलेल्या कव्हरातली. आईनं ती घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "त्या दुकानवाल्यांना कधी दोन ओळी लिहिल्यास का गं?" म्हणजे तुमच्या 'रफ ट्रेड' या लंडनमधल्या रेकॉर्डच्या दुकानाला. नव्हत्या लिहिल्या. ४५ वर्षांत जमलं नाही.

१९८० सालचा ऑक्टोबर होता. मी एकोणीस वर्षांची. आम्हा तिघी मैत्रिणींचा बँड होता आणि शनिवार-रविवार कामं करून साठवलेल्या पैशांतून आम्ही रेकॉर्डच्या ५०० प्रती काढल्या होत्या. छापील कव्हरं परवडणारी नव्हती. आई बिस्किटांच्या कारखान्यातून रात्रपाळी करून यायची, चहा प्यायची आणि गॅसवर खळ शिजवायला ठेवायची. मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही झेरॉक्सचे कागद दुमडून चिकटवायचो. दुपारपर्यंत सगळ्या घरभर ओली कव्हरं पसरलेली असायची, अगदी जिन्याच्या पायऱ्यांवरसुद्धा.

रेकॉर्डच्या पहिल्या बाजूला एक जोरकस, भरधाव गाणं होतं. ते आम्ही लोकांना आवडावं म्हणून केलं होतं. दुसऱ्या बाजूला होतं ते माझं होतं. आई जात्यावरच्या ओव्या म्हणायची, लंडनमध्ये भांडी घासता घासता, कारण जातं वाईलाच राहिलं होतं. त्या चालीवर मी घरची पेटी आणि एक गिटार एवढंच वाजवलं होतं.

त्याआधी एका मोठ्या रेकॉर्ड कंपनीला मी या दोन्ही गाण्यांची कॅसेट पाठवली होती. पाठवताना कॅसेटच्या एका चक्रात शिवणाचा लाल धागा अडकवून ठेवला. कुणी ती वाजवली असती तर धागा पडला असता. दोन महिन्यांनी कॅसेट परत आली. सोबत छापील पत्र, 'काळजीपूर्वक ऐकून' नकार कळवणारं. लाल धागा होता तिथेच होता. नकाराचं मला इतकं वाटलं नाही, पण त्या 'काळजीपूर्वक'चा राग अजून गेलेला नाही. मग रेकॉर्ड निघाल्यावर एका मोठ्या दुकानात गेलो. तिथल्या खरेदी बघणाऱ्या माणसानं सुई ठेवली, वीसएक सेकंदांत उचलली आणि माझ्याकडे न बघता आईला विचारलं, की हे सिनेमातलं आहे का. आई ओव्हरकोटाच्या आत साडी नेसून, पिशवी धरून उभी होती. त्यानं तिला बसासुद्धा म्हटलं नाही.

त्याच दिवशी, परतीच्या वाटेवर, आम्ही तुमच्या दुकानात शिरलो. २०२, केन्सिंग्टन पार्क रोड.

आईसाठी इथे थोडं सांगायला हवं. पंचविशीही गाठली नव्हती तेव्हा तुम्ही अमेरिकाभर फिरून शेकड्यांनी जुन्या रेकॉर्ड्स गोळा केल्यात, त्या इंग्लंडला आणल्यात आणि १९७६ मध्ये 'रफ ट्रेड' हे दुकान काढलंत. सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी लाइट्स या पुस्तकांच्या दुकानात माणसं तासन् तास बसून वाचतात, कुणी उठवत नाही, ते तुमच्या मनात होतं. तसंच दुकान तुम्हाला रेकॉर्डचं हवं होतं. दुकान होतं ती लॅडब्रोक ग्रोव्हची वस्ती वेस्ट इंडीजहून आलेल्या लोकांची, त्यामुळे दुकानात जमैकाचं रेगे संगीत आणि लंडनचं पंक रॉक शेजारी शेजारी. १९७८ मध्ये तुम्ही लेबल, म्हणजे स्वतःची रेकॉर्ड काढणारी कंपनी, सुरू केलंत. पुढच्याच वर्षी बेलफास्टच्या स्टिफ लिटल फिंगर्स या बँडचा अल्बम तुम्ही काढलात आणि तो एक लाखाच्या वर खपला. स्वतंत्र लेबलच्या अल्बमला इंग्लंडमध्ये तोवर हे जमलं नव्हतं. आणि तरीही तुमचा हिशेब तोच राहिला: खर्च वजा जाता जो नफा उरेल तो निम्मा कलाकाराचा, निम्मा लेबलचा. दुकानात काम करणाऱ्या सगळ्यांना पगार सारखा.

मला यातलं तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी तुम्ही काउंटरवर नव्हतात. एक लांब केसांचा पोरगा होता, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा. स्पीकर इतके दणदणत होते की दाराची काच थरथरत होती. त्यानं आईला पाहिलं, चालू असलेली रेकॉर्ड थांबवली, आतून खुर्ची आणली आणि मगच आमची रेकॉर्ड हातात घेतली. कव्हर नाकाशी नेऊन हुंगलं आणि विचारलं, कशानं चिकटवलंय? मला इतकी लाज वाटली की मी म्हटलं, बाजारातला गोंद आहे.

पहिली बाजू त्यानं शेवटपर्यंत ऐकली. एवढ्यानंच मला भरून आलं होतं. गाणं संपलं, आता तो काय ते हो-नाही सांगेल म्हणून मी पिशवीचे बंद धरून उभी राहिले. तो काहीच बोलला नाही. सुई उचलली, रेकॉर्ड स्वेटरच्या बाहीवर हलकेच पुसली आणि उलटी करून लावली. मी सांगितलं नव्हतं. आजवर कुणी ती बाजू लावली नव्हती, म्हणून सांगायचंही सुचलं नव्हतं.

आईची चाल त्या दुकानात वाजायला लागली. पेटीचा एक स्वर जरा बसका होता, तो मोठ्या स्पीकरवर स्पष्ट कळत होता. रेकॉर्ड चाळणारी दोन मुलं थांबली. आई खुर्चीत ताठ बसली होती. मग तिचा हात मांडीवर हलायला लागला, जात्याचा खुंटा फिरतो तसा, गोल गोल. ती माझ्याकडे बघत नव्हती. चार मिनिटं कुणी बोललं नाही, आणि त्या पोराचा हात एकदाही सुईकडे गेला नाही.

त्यानं ५० प्रती घेतल्या, पैसे तिथल्या तिथे मोजून दिले. पुढे तुमच्याचकडून आमची रेकॉर्ड यॉर्कला, ब्रिस्टलला, लिव्हरपूलला पोचली. तसल्या छोट्या दुकानांची साखळी तुम्ही मंडळींनी जोडली होती, नाहीतर वेम्ब्लीच्या मुलींना ब्रिस्टलमध्ये कोण विचारतंय! आमचा बँड दोन वर्षांत मोडला. नाव झालं नाही. मी पुढे शाळेत संगीत शिकवलं, निवृत्त होईपर्यंत.

पण तुमच्यावर लक्ष ठेवून होते. १९८३ मध्ये मँचेस्टरहून आलेल्या जॉनी मारनं तुमच्या गोदामात तुम्हाला गाठून टेप हातात दिली, ती तुम्ही शनिवार-रविवारी घरी नेऊन ऐकलीत आणि त्याचा बँड, द स्मिथ्स, तुमच्या लेबलवर आला, हे वाचलं तेव्हा मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. १९९१ मध्ये तुमच्या रेकॉर्ड-वितरणाचा डोलारा कोसळला, कितीतरी लहान लेबलांचे पैसे अडकले, लेबलही हातचं गेलं. ते वाचून मी घरातलं माणूस आजारी पडावं तशी अस्वस्थ होते. दुकान तेवढं वाचलं, कारण ते आधीच तिथे काम करणाऱ्यांच्या ताब्यात गेलं होतं. आणि २००० च्या सुमारास जेनेट ली यांच्यासोबत तुम्ही लेबल पुन्हा उभं केलंत, न्यूयॉर्कच्या द स्ट्रोक्स या बँडची गाणी फोनवरून ऐकून त्यांना होकार दिलात, तेव्हा मी आईला फोन केला होता. ती म्हणाली, "ऐकणारा माणूस आहे तो."

काउंटरवरच्या त्या पोराचं नाव मी विचारलं नाही. म्हणून आभार तुमचे मानते, कारण अनोळखी बाईला खुर्ची द्यायची, समोरच्याचं पुरतं ऐकायचं, हे त्या दुकानात त्याला कुणाला विचारून करावं लागलं नाही. मी पुढे वर्गात तेच करत आले. मुलगी कितीही बेसूर गायली तरी तिला मध्येच थांबवलं नाही.

आईचा एक निरोप आहे, तो तिनं दोनदा बजावलाय. त्या मुलानं विचारलं होतं तेव्हा मी खोटं सांगितलं. बाजारातला गोंद नव्हता तो. मैद्याची खळ होती, मंद आचेवर शिजवलेली, आणि त्यात चिमूटभर तुरटी. कव्हराला अजून कसर लागलेली नाही, हेही लिही म्हणाली.

तुमची,
आईबरोबर आलेली ती मुलगी