विमानाच्या बातमीत नेटवरची वेळ छापू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोल्हापूरहून विमानाची नवी सेवा सुरू होणार अशी बातमी आली की पेपरात शेजारी छोटी चौकट असते, अंतर इतके किलोमीटर आणि वेळ इतका. आमच्या घरी आई ती चौकट कापून कॅलेंडरच्या मागं ठेवते, म्हणून हे पत्र.

बालाजी करून आलं की अंबाबाईचं दर्शन घेतल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही असं आपल्याकडं मानतात, नवरात्रात तिरुमलाहून देवीला शालू पण येतो. आईला मात्र अंबाबाई रोजची आणि बालाजीच राहिलेला. हरिप्रिया एक्सप्रेसनं रात्रभर बसणं तिच्या गुडघ्यांना जमत नव्हतं, म्हणून मागं तिरुपतीचं विमान होतं तेव्हा जायचं ठरवलं. नेटवर बघितलं तर अंतर 655 किमी आणि वेळ 1 तास 20 मिनिटं. तो हिशोब धरून मी आधी 300 रुपयांच्या दर्शनाचा दुपारचा स्लॉट घेऊन टाकला आणि विमानाचं तिकीट मग काढलं, तिथंच चुकलं.

अंतर बरोबर होतं. ते सरळ हवेतलं अंतर, रस्त्यानं बेंगळुरूवरून गेलं तर साडेआठशेच्या वर जातं. चुकीची होती ती वेळ. या साईट काय करतात, मोठं जेट ताशी 800 किमीनं जातंय असं धरून भागाकार करतात आणि वर अर्धा तास मिळवतात, बास. आमचं विमान होतं पंख्याचं एटीआर, ते ताशी 500 च्या आसपास जातं. शिवाय वेळापत्रकातली वेळ जागेवरून विमान हललं की सुरू होते आणि तिकडं जागेवर थांबलं की संपते, त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं सगळं आलं. म्हणजे पावणेदोन तास तरी धरायलाच पाहिजेत, समोरून वारा असला तर अजून थोडे.

आणि विमान उतरतं रेणिगुंट्याला, देव आहे डोंगरावर. बॅगा, टॅक्सी, अलिपिरीला उतरून तपासणी, मग घाट. आम्ही पोचलो तेव्हा स्लॉट होऊन गेलेला. आई तिकिटाची प्रिंट दोन्ही हातात धरून गेटवरच्या माणसाला मोडक्या हिंदीत सांगत होती, अंबाबाई के गाँव से आये है. त्यानं सोडलं, पण तोवर तिचा चेहरा बघवत नव्हता.

आता उजळाईवाडीला नवं टर्मिनल झालंय, 2024 मध्ये उद्घाटन झालं, पहिल्यांदाच विमानात बसणारी म्हातारी माणसं तिथं दिसतात. त्यांच्यासाठी एवढंच करा, अंतर छापताना ते हवाई आहे की रस्त्याचं ते लिहा, मैल लिहिलात तर कुठले तेही, कारण विमानवाल्यांचा सागरी मैल 1.852 किमीचा असतो, हेच अंतर त्यात 354 भरतं आणि साध्या मैलात 407. आणि वेळ कंपनीच्या वेळापत्रकातून घ्या, सुटायची आणि पोचायची दोन्ही, विमान जेट आहे की पंख्याचं तेही लिहा. चौकट एका ओळीनं वाढेल, पण आई कापून ठेवते ती चौकट आहे ही.

आपला,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर