पॅनेलमध्ये कोण आले नाही, तेही छापा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

स्थानिक स्वराज्य संस्थांनी रहिवाशांचा कल जाणून घेण्यासाठी प्रातिनिधिक नागरिक पॅनेल नेमावे, असा आग्रह अलीकडे वारंवार धरला जातो. तो योग्यच आहे. सूचना व हरकती मागवण्याच्या रूढ पद्धतीत नोटीस लागते, मुदत उलटते आणि ज्यांना सवड आहे किंवा ज्यांचा त्या विषयात काही स्वार्थ अडकला आहे, तेच अर्ज घेऊन पोहोचतात. बाकीच्यांचे गप्प राहणे ही संमती समजली जाते. पॅनेल त्याहून बरे. मात्र ‘प्रातिनिधिक’ हे विशेषण फार स्वस्तात लावले जाते, असे मला वाटते. माझी बरीच वर्षे नमुना पाहण्यांच्या कामात, आधी दारोदार प्रश्नावल्या भरून घेण्यात आणि पुढे भरलेल्या प्रश्नावल्या तपासण्यात गेली, त्या अनुभवावरून हे लिहीत आहे.

ब्रिटनमधील स्थानिक परिषदांनी अशी पॅनेले १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मोठ्या संख्येने नेमली. त्यांची रीत साधारण अशी : पत्त्यांच्या किंवा मतदारांच्या यादीतून यदृच्छ पद्धतीने काही हजार जणांना निमंत्रणाची पत्रे जातात, जे होकार कळवतात त्यांच्यातून वय, लिंग, वस्ती, घर मालकीचे की भाड्याचे, अशा निकषांवर जनगणनेशी मेळ बसेल अशी निवड होते, बहुधा हजारभर सदस्य ठरतात आणि त्यांना वर्षातून काही वेळा प्रश्नावली पाठवली जाते. हजार ही संख्या कोणी उगाच धरलेली नाही. यदृच्छ निवडलेल्या हजार माणसांच्या उत्तरांत नमुन्यामुळे येणारी चूक सहसा सुमारे ३ टक्क्यांच्या आत राहते, शंभरांत ती सुमारे १० टक्क्यांपर्यंत जाते, आणि गाव पन्नास हजारांचे असो की शहर पन्नास लाखांचे, या हिशेबात फारसा फरक पडत नाही. पण त्याच हजारांतून एका वस्तीतले साठ जण बाजूला काढून ‘या वस्तीचे मत असे’ म्हणायला गेलो, तर चूक १३ टक्क्यांच्या घरात जाते. निकालाच्या तक्त्यात मात्र दोन्ही आकडे शेजारी शेजारी, सारख्याच ठसठशीत अक्षरांत बसलेले असतात.

शिवाय हे गणित निवडलेले सगळे उत्तर देतात असे धरून चालते. १९३६ साली अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. २० लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांवरून उमेदवार लँडन जिंकणार, असे भाकीत केले गेले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. पत्ते टेलिफोनधारकांच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतले होते, ही चूक सर्वांना ठाऊक आहे. तिच्याइतकीच मोठी दुसरी चूक सहसा सांगितली जात नाही : मतपत्रिका परत पाठवण्याची तसदी घेणारे आणि न घेणारे एकाच मताचे नव्हते. नागरिक पॅनेलला धोका आहे तो या दुसऱ्या चुकीचा. वय आणि लिंग जनगणनेशी जुळवता येते. परिषदेच्या पत्राला होकार कळवण्याइतकी ज्याला तिच्या कारभारात गोडी आहे, तो मनुष्य गोडी नसलेल्या शेजाऱ्यासारखा कसा करायचा?

एक प्रसंग सांगतो. एका पाहणीत सोडतीने एका घरातील बावीस वर्षांची मुलगी निघाली होती. दार वडिलांनी उघडले. “ती काय सांगणार? मी सांगतो, तुम्ही लिहा,” असे म्हणून त्यांनी खुर्ची पुढे सरकवली आणि मी बसण्याआधीच वाहने लावायला जागा नाही, ही तक्रार सुरू केली. मुलगी आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. नियमाप्रमाणे मी ‘भेट झाली नाही’ असा शेरा मारून परतलो. तिसऱ्या खेपेला ती एकटी भेटली. बसथांब्यापासून घरापर्यंतच्या रस्त्यावरचे चार दिवे बंद आहेत, म्हणून संध्याकाळचा वर्ग सोडावा लागला, एवढेच तिने सांगितले; वाहनांचा विषय तिने काढलाही नाही. पहिल्याच दिवशी वडिलांचे उत्तर लिहून मोकळा झालो असतो, तरी तक्त्यात घर ‘पूर्ण’ म्हणूनच गेले असते. टपालाने किंवा मोबाइलवर भरून घेतलेल्या प्रश्नावलीत तर खुर्चीवर कोण बसले होते, हे कळायलाही मार्ग नसतो.

पॅनेल जुने होते तशी ही अडचण वाढते. तरुण, भाडेकरू आणि दोन-दोन पाळ्यांत काम करणारे आधी गळतात. टिकून राहणारे सदस्य हळूहळू परिषदेचीच भाषा बोलू लागतात. काही जण तर अर्धे अधिकारीच होतात (हे मी कौतुकाने म्हणत नाही). म्हणूनच दर वर्षी साधारण एक तृतीयांश सदस्य बदलावेत, हा संकेत पडला आहे. गळालेल्यांची भरपाई उरलेल्यांच्या उत्तरांना जास्त भारांक देऊन करता येते, पण उरलेल्या तीन तरुणांना तिसांचे वजन दिले म्हणून त्या तिघांना तिसांचे अनुभव येत नाहीत.

प्रश्न कोण लिहितो, हेही पाहिले पाहिजे. ‘उद्यानांची देखभाल सुधारावी का?’ याला नाही कोण म्हणणार? त्यासाठी कोणत्या कामाचा पैसा कमी करावा, हे विचारले की उत्तरे बदलतात; पण तो प्रश्न ज्या खात्याचा प्रकल्प असतो, ते खाते विचारत नाही. बेल्जियमच्या जर्मनभाषक प्रदेशाने यावर २०१९ मध्ये एक तोड काढली. तेथे सोडतीने आलेल्या नागरिकांची २४ जणांची कायम परिषद विषय ठरवते, त्या विषयावर सोडतीनेच निवडलेली निराळी सभा चर्चा करून शिफारशी देते, आणि एखादी शिफारस न स्वीकारल्यास तेथील संसदेला कारणे द्यावी लागतात. हजार जणांची प्रश्नावली आणि काही डझन माणसांची सलग चर्चा ही निराळी साधने आहेत, हे मला मान्य आहे. परंतु नाकारलेल्या सूचनेचे कारण लेखी देण्याची अट पॅनेललाही लावता येईल, आणि त्यासाठी जास्तीचा खर्चही येणार नाही.

पॅनेल नेमणाऱ्या प्रत्येक संस्थेकडे माझे मागणे साधे आहे. निकालाच्या पहिल्याच पानावर, टक्केवारीच्या आधी, पत्रे किती जणांना गेली, होकार किती जणांनी दिला, या खेपेला उत्तरे किती आली आणि न आलेली मुख्यतः कोणत्या वस्तीतली व कोणत्या वयाची, या चार गोष्टी छापाव्यात. आणि तो निकाल ज्या सभेपुढे येईल, तिच्या इतिवृत्तातही त्या तशाच्या तशा नोंदवाव्यात.

आपला,
एक नियमित वाचक