आरव्हीचे वय नव्हे, स्थिती तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पर्यटन पुरवणीत महाराष्ट्रातील कॅराव्हॅन पर्यटनाविषयी आलेला लेख वाचला. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन धोरण आणल्यापासून या विषयाकडे मराठी वाचकांचे लक्ष वळू लागले आहे, याचा अमेरिकेत राहणारा आणि दर उन्हाळ्यात कुटुंबासह ट्रेलर घेऊन बाहेर पडणारा वाचक म्हणून मला आनंद वाटतो. लेखात येथील आरव्ही पार्कांचे, म्हणजे आरव्ही (रिक्रिएशनल व्हेइकल, चाकांवरचे फिरते घर) उभी करून मुक्काम करण्याच्या जागांचे कौतुक आहे आणि त्यांतील पुष्कळ गोष्टी घेण्यासारख्या आहेतही. मात्र येथील एका प्रथेचा उल्लेख त्यात नाही. ती प्रथा महाराष्ट्रात रुजू नये असे मला मनापासून वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

येथील अनेक खासगी आरव्ही पार्कांत, विशेषतः जी स्वतःला रिसॉर्ट म्हणवून घेतात त्यांत, दहा वर्षांपेक्षा जुन्या वाहनाला जागा नाकारली जाते. काही ठिकाणी ही मर्यादा पंधरा वर्षांची असते. याला बोलीत 'दहा वर्षांचा नियम' म्हणतात, परंतु तो कोणत्याही कायद्यात लिहिलेला नाही. प्रत्येक मालक तो आपापल्या मर्जीने लावतो, काही जण काटेकोरपणे पाळतात, तर काही जण वाहनाची छायाचित्रे मागवून सूट देतात. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार मुक्कामाच्या जागी वंश, वर्ण, धर्म किंवा मूळ देश यांवरून कोणालाही दार बंद करता येत नाही. वाहनाच्या वयाला मात्र असे संरक्षण नाही, त्यामुळे मालकाचा हा अधिकार कायद्याने अबाधित आहे. माझा आक्षेप त्या अधिकाराला नाही, तो ज्या निकषावर वापरला जातो त्या निकषाला आहे.

गेल्या वर्षी मिशिगन सरोवराच्या काठी असलेल्या एका पार्कात आम्ही जागा मागितली. फोनवरील बाईंनी अत्यंत सौजन्याने पहिलाच प्रश्न विचारला तो वाहन कोणत्या सालचे आहे हा. २००९ चे, असे सांगताच त्यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि संभाषण तेथेच संपले. छप्पर गळते का, गॅसची जोडणी केव्हा तपासली, सांडपाण्याची टाकी आणि नळी धड आहे का, विजेची जोडणी किती अँपिअरची आहे, यांपैकी एकही प्रश्न त्यांनी विचारला नाही. वास्तविक शेजारी उभ्या राहणाऱ्या कुटुंबाच्या सुरक्षिततेशी याच गोष्टींचा संबंध असतो.

ज्यांनी आरव्ही जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो. आरव्ही म्हटले की स्वतःचे इंजिन असलेली बससारखी गाडी डोळ्यांसमोर येते, पण येथील बहुतांश आरव्ही म्हणजे दुसऱ्या गाडीने ओढून न्यायचे ट्रेलर असतात. त्यांना इंजिनच नसते, त्यामुळे धुराचा किंवा इंजिनाच्या झिजेचा प्रश्न उद्भवत नाही. ट्रेलरचा खरा शत्रू पाणी. छपरावरचा रबरी पडदा आणि हवेच्या झरोक्यांभोवती, कडांना लावलेले सीलंट (फटी बुजवणारा लेप) उन्हाने तडकते, त्या केसाएवढ्या फटीतून पाणी आत झिरपते, भिंतीतील प्लायवूड कुजते आणि बाहेरचा फायबरग्लासचा पत्रा फुगून सुटा होतो. दर वसंतात शिडी लावून छपरावर चढणारा, सांध्या-सांध्यावर अंगठा दाबून पाहणारा आणि तडा दिसला की त्याच दिवशी नवे सीलंट भरणारा मालक वीस वर्षांचा ट्रेलर कोरडा ठेवू शकतो. जो हे करत नाही त्याचा ट्रेलर तीन वर्षांतही सडतो. अशी फुगलेल्या भिंतीची, पण सालाने नवी असलेली वाहने मी त्याच प्रकारच्या पार्कांत आरामात उभी असलेली पाहिली आहेत.

टायरचेही असेच आहे. टायरच्या कडेवर कोरलेल्या क्रमांकाच्या शेवटी चार अंक असतात; २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. ट्रेलर वर्षातील बराच काळ एका जागी उभा असतो, त्यामुळे नक्षी शाबूत दिसत असली तरी रबर वयाने कमजोर होते आणि जाणकार मालक झिजेची वाट न पाहता काही वर्षांनी टायर बदलतात. म्हणजे जुन्या ट्रेलरवर नवे टायर आणि नव्या ट्रेलरवर धोकादायक टायर, हे दोन्ही शक्य आहे. गॅसगळतीची सूचना देणाऱ्या यंत्राचीही ठराविक मुदत असते आणि ती त्याच्या पाठीवर छापलेली असते. दोन मिनिटांत पाहता येतील अशा या खुणा सोडून केवळ नोंदणीपत्रावरील साल पाहणे ही तपासणी नव्हे.

मी राहतो त्या भागापासून इंडियानातील एल्कहार्ट हे शहर जवळ आहे. अमेरिकेतील बहुसंख्य आरव्ही त्या परिसरातील कारखान्यांत तयार होतात. कोविडच्या साथीत मागणी इतकी वाढली की २०२१ या एका वर्षात सहा लाखांवर आरव्ही कारखान्यांतून बाहेर पडल्या. तो आजवरचा उच्चांक आहे. त्या घाईत बांधलेल्या अनेक वाहनांविषयी ग्राहकांच्या तक्रारी सर्वश्रुत आहेत, तरीही वयाच्या नियमानुसार ही वाहने आज निर्धोक ठरतात. आणि हीच सहा लाख वाहने, त्यांत उत्तम राखलेलीही असतील, २०३१ नंतर सरसकट नकोशी ठरणार आहेत. दुसरीकडे अॅल्युमिनियमच्या पत्र्याचे, रिव्हेट मारलेले जुने एअरस्ट्रीम ट्रेलर पन्नास-साठ वर्षांचे असूनही अनेक पार्कांत आनंदाने घेतले जातात, कारण ते देखणे दिसतात. यावरून हा नियम प्रत्यक्षात वयाचाही नसून दिसण्याचा आहे, असेच म्हणावे लागते.

पार्कमालकांची बाजू मला ठाऊक आहे आणि ती पोकळ नाही. छपरावर निळी ताडपत्री बांधलेला, सांडपाणी ठिबकवणारा ट्रेलर एखाद्याने आणून लावला, महिनाभराचे भाडे भरले आणि मग तो तेथेच टाकून निघून गेला, तर तो हलवण्याचा खर्च मालकाच्या माथी येतो. काही राज्यांत ठराविक काळापेक्षा जास्त मुक्काम झाला की पाहुणा भाडेकरू ठरतो आणि त्याला बाहेर काढण्यासाठी न्यायालयात जावे लागते. अशा प्रसंगांनी पोळलेल्या माणसाला दारातच वाद टाळणारा एक आकडा सोयीचा वाटतो. परंतु या प्रत्येक अडचणीवर नेमका उपाय उपलब्ध आहे: अनामत रक्कम, मुक्कामाची कमाल मुदत, विम्याचा पुरावा, आत येताना पाहणी आणि गळती आढळल्यास जागा सोडण्याची लेखी अट. वाहन टाकून जाणारा माणूस नव्या वाहनाचाही असू शकतो.

सार्वजनिक कॅम्पग्राउंडकडे, म्हणजे मुक्कामाच्या सरकारी जागांकडे पाहिले की फरक स्पष्ट दिसतो. राष्ट्रीय उद्यानांत नियम कडक आहेत, पण त्यामागे सांगता येण्यासारखे कारण असते. यलोस्टोनमधील फिशिंग ब्रिज येथे तंबू किंवा कापडी भिंतींचे ट्रेलर चालत नाहीत, कारण तेथे ग्रिझली अस्वलांचा वावर आहे. ग्लेशियर उद्यानातील डोंगरी रस्त्याच्या वरच्या भागात २१ फुटांपेक्षा लांब वाहन नेता येत नाही, कारण वळणे अरुंद आहेत. ॲरिझोनाच्या वाळवंटात सरकारी जमिनीवर हिवाळाभर मुक्कामाची सोय आहे. तेथे बऱ्याच जागी वाहनात सांडपाण्याची स्वतःची टाकी असणे ही अट असते. भिंत कठीण आहे का, लांबी किती, टाकी आहे का, हे सारे प्रश्न वाहन काय करू शकते याविषयीचे आहेत. ते कधी बांधले, हे कोणी विचारत नाही.

या नियमाचा भार कोणावर पडतो, हे मला सर्वांत जास्त बोचते. ज्यांना दर दहा वर्षांनी नवे वाहन घेणे परवडते त्यांना तो जाणवतही नाही. निवृत्तिवेतनावर जगणारी जोडपी, कंत्राटावर गावोगावी काम करणारे मजूर आणि परिचारिका, वादळात घर गेल्यावर ट्रेलरमध्ये राहणारी कुटुंबे यांच्यापुढे मात्र तो उभा ठाकतो. ज्याने काटकसर करून जुनी वस्तू जपून वापरली त्यालाच गैरसोय सोसावी लागावी, हे आपल्याकडील जाणत्या पिढीला तर मुळीच पटणार नाही.

महाराष्ट्रात कॅराव्हॅन पार्कांचे नियम अजून आकार घेत आहेत. आपल्या मोटार वाहन कायद्यात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, पण गाडी तपासणीत योग्य ठरली तर ती पाच वर्षांसाठी पुन्हा मिळते. म्हणजे वय हा तपासणीचा प्रसंग आहे, नकाराचे कारण नव्हे. दिल्लीत जुन्या डिझेल गाड्यांवर वयाची मर्यादा आली ती हवेच्या प्रदूषणामुळे, आणि ओढून आणलेल्या ट्रेलरला ते कारण लागू होत नाही. पर्यटन विभागाने पार्कांना मान्यता देताना गॅस, वीज, सांडपाणी, अग्निशामक यंत्र आणि छपराची स्थिती यांची एक पानाची तपासणी यादी सक्तीची करावी आणि केवळ निर्मितीच्या सालावरून प्रवेश नाकारता येणार नाही, असे स्पष्ट लिहावे. कोकणात चार महिने पाऊस झेलणाऱ्या वाहनांसाठी छपराची तपासणी तर अधिकच महत्त्वाची ठरेल.

जे मराठी वाचक येत्या उन्हाळ्यात अमेरिकेत मुलांकडे येऊन आरव्हीने फिरण्याचा बेत करत असतील, त्यांनी खासगी पार्कात पैसे भरण्यापूर्वी वाहनाचे साल कळवून होकार ई-मेलवर लेखी घ्यावा. राज्य उद्याने आणि राष्ट्रीय उद्याने यांच्या कॅम्पग्राउंडमध्ये ही अडचण सहसा येत नाही, आणि ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड आहे व वयाची ६२ वर्षे पूर्ण झाली आहेत, त्यांना ज्येष्ठांच्या पासवर अनेक राष्ट्रीय उद्यानांतील मुक्कामाच्या शुल्कात निम्मी सवलतही मिळते.

आपला,
एक नियमित वाचक,
साऊथ बेंड, इंडियाना