आवाज ड्राय आहे म्हणजे काम कच्चं आहे असं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकन गायिका बिली आयलिशच्या 'व्हेन वी ऑल फॉल अस्लीप, व्हेअर डू वी गो' या २०१९ च्या अल्बमवर लेख आला होता. आमच्या पोरांच्या कानात दिवसभर जे वाजतं त्यावर मराठी पेपरात अर्धं पान येतं हे बघून बरं वाटलं, लेखही मन लावून लिहिलेला होता. पण त्यात म्हटलंय की हा अल्बम घरातल्या बेडरूममध्ये, कसलंही प्रॉडक्शन न करता, आवाजाला काहीही इफेक्ट न लावता केलाय आणि म्हणूनच तो इतका खरा वाटतो, आणि शेवटी मराठी पोरापोरींना सल्ला, की स्टुडिओचं भाडं कशाला भरता, मोबाईल काढा, गा आणि टाका नेटवर. यातली बेडरूमची गोष्ट खरी आहे. इफेक्ट नाही ही चूक आहे, आवाज ड्राय म्हणजे घुमारा नसलेला, कोरडा वाटतो इतकंच, आणि सल्ला तर लोकांना खड्ड्यात घालणारा आहे.

माझा मिरजेत साऊंडचा छोटा धंदा आहे, भावगीतांचे कार्यक्रम, लग्नाच्या संगीत पार्ट्या, आणि मागच्या खोलीत थोडंफार रेकॉर्डिंग. त्यामुळे या सल्ल्याचा परिणाम माझ्या दारात येऊन उभा राहतो, त्याचं पुढे सांगतो.

आधी अल्बमबद्दल. लॉस एंजेलिसच्या हायलंड पार्क भागातलं त्यांचं राहतं घर, त्यात भाऊ फिनियसची बेडरूम, तिथे त्याच्याच कॉम्प्युटरवर हे काम झालं आणि बिली बऱ्याचदा पलंगावर बसून गायली. इथपर्यंत लेख बरोबर. पण समोर माईक होता न्यूमनचा टीएलएम १०३, म्हणजे चांगल्या स्टुडिओत असतो तसला कंडेन्सर, बारीकसारीक आवाजही पकडणारा माईक. एकेक ओळ पुन्हा पुन्हा गाऊन त्यातले चांगले तुकडे निवडून जोडलेत. मग ते सगळं मिक्सिंगला, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवायला, रॉब किनेल्स्कीकडे गेलं आणि मास्टरिंग, म्हणजे शेवटचा हात, जॉन ग्रीनहॅमने केलं. २०२० च्या जानेवारीत बिलीला एका रात्रीत पाच ग्रॅमी मिळाले हे तुमच्या लेखात आहे, पण त्याच रात्री याच अल्बमला बेस्ट इंजिनिअर्ड अल्बमचा ग्रॅमीसुद्धा मिळाला, म्हणजे खास रेकॉर्डिंग-मिक्सिंगच्या कामाचा, आणि फिनियसला प्रोड्युसर ऑफ द इयरचा, याचा उल्लेख कुठेच नाही. प्रॉडक्शनच नव्हतं तर हे दोन ग्रॅमी कशाला दिले बाबा?

आता कान देऊन ऐका. 'व्हेन द पार्टीज ओव्हर' घ्या. पियानो आणि बिलीचा आवाज एवढंच आहे असं वाटतं, पण हेडफोन लावून ऐकलं की कळतं तिचेच कितीतरी आवाज एकावर एक रचलेत, मागे कोरससारखे पसरलेत, आणि त्या मागच्या आवाजांना मस्त लांब रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या खोलीत येतो तसा घुमारा आहे. पुढचा मुख्य आवाज मात्र जवळ ठेवलाय. म्हणजे मागचे ओले, पुढचा कोरडा, आणि मागचे ओले आहेत म्हणून तर पुढचा आणखी जवळ वाटतो. 'झॅनी'मध्ये कडव्यात ती शेजारी बसून पुटपुटल्यासारखी गाते आणि कोरस आला की बेस असा अंगावर येतो की तिचा आवाजच थरथरतो, फाटतो. पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं माझा स्पीकर गेला. तो सगळा मुद्दाम केलेला इफेक्ट आहे, दुसऱ्याच्या सिगरेटचा धूर तोंडावर यावा तसं वाटायला हवं होतं त्यांना. 'बॅड गाय'मध्ये सिडनीच्या रस्ता क्रॉस करायच्या सिग्नलचा टकटक आवाज आहे, 'बरी अ फ्रेंड'मध्ये दातांच्या डॉक्टरकडचं मशीन आहे. आणि हे सगळं असताना लेख लिहिणारा म्हणतो प्रॉडक्शन नाही!

मुळात आवाज जवळ वाटतो की लांब हे कानाला कसं कळतं, तर थेट आलेला आवाज किती आणि भिंतींवर आपटून आलेला किती यावरून. खोलीचा आवाज कमी, थेट जास्त, की माणूस कानाशी बसलाय असं वाटतं. त्यात तोंड माईकच्या अगदी जवळ असलं की खालचा खर्ज आपोआप वाढतो, म्हणून ती कुजबुजली तरी आवाज पोकळ वाटत नाही. आणि त्यावर भरपूर कम्प्रेशन, म्हणजे मोठं ते दाबायचं आणि बारीक ते वर काढायचं, म्हणून श्वास, ओठ उघडल्याचा आवाज, जीभ टाळूला लागल्याचा आवाज सगळं ऐकू येतं. समोर बसलेल्या माणसाचं सुद्धा आपल्याला इतकं ऐकू येत नाही, त्यामुळे याला नैसर्गिक म्हणणं हीच गंमत आहे, हा मला तरी आजवरचा सगळ्यात बनवलेला आवाज वाटतो. आवडतो, पण बनवलेला आहे.

आणि सल्ल्याची गोची इथेच आहे. कम्प्रेसर जसा श्वास वर काढतो तसा खोलीचा आवाजही वर काढतो. फिनियसच्या खोलीत गादी होती, सामान होतं, छोटी भरलेली खोली, तिथे वरच्या पट्टीतला आवाज मऊ गोष्टींत मुरतो. आपल्याकडे फ्लॅटचा हॉल म्हणजे खाली चकचकीत फरशी, वर पीओपी, एका बाजूला काचेची सरकती खिडकी आणि डोक्यावर फिरणारा पंखा. गेल्या महिन्यात एक मुलगी आली, आवाज सुंदर, सुरात, तुमचाच लेख वाचून मोबाईलवर हॉलमध्ये गाऊन आणलं होतं आणि म्हणाली काका, बिलीसारखं ड्राय करून द्या. मी फाईल उघडली, जरा कम्प्रेस केली तर पंखा गायला लागला, भिंतीवरून परत आलेला टणटण आवाज प्रत्येक शब्दाच्या मागे, 'च' आणि 'स' आला की चुर्रर्र. आता आवाजातून खोली काढून टाकणारी सॉफ्टवेअर आलीत, माझ्याकडे पण आहे एक, वापरलं, पण खोलीबरोबर आवाजाचा गोडवा पण थोडा जातो आणि शब्दांच्या शेवटी पाण्याखालून बोलल्यासारखं होतं. ड्राय रेकॉर्डिंगला रिव्हर्ब पाहिजे तेव्हा पाहिजे तेवढा लावता येतो, पण एकदा रेकॉर्ड झालेली फरशी नीट काढता येत नाही. तिचं परत रेकॉर्ड केलं, माझ्या त्याच मागच्या खोलीत, तिन्ही बाजूंनी रजया टांगून. माईक काही न्यूमन नव्हता, साधाच होता, तरी पहिल्या ओळीलाच तिचा चेहरा बदलला.

म्हणून पोरांना सांगायचंच असेल तर हे सांगा, की खोलीच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे टर्रर्र असं काही ऐकू आलं तर तिथे गाऊ नका, कपड्यांनी भरलेलं कपाट उघडा, पाठीमागे रजई लावा, त्याच्यासमोर बसा, पंखा बंद करा, घाम येऊ दे. यात स्टुडिओचं भाडं पण वाचतं आणि काम पण होतं. महाग माईक नंतर घ्या.

उलट बाजूने पण बोललं पाहिजे, नाहीतर वाटेल मी रिव्हर्बच्या विरोधात आहे. मी रिव्हर्बवर पोट भरतो हो. गाण्याच्या रेकॉर्डिंगचा सगळा इतिहास खोलीच्या मागे धावण्याचा आहे. १९४७ ला शिकागोत बिल पटनमने हार्मोनिका वाजवणाऱ्या ग्रुपच्या रेकॉर्डला चक्क बाथरूम वापरून घुमारा दिला आणि ते गाणं तुफान चाललं. हॉलिवूडच्या कॅपिटॉल स्टुडिओने तर जमिनीखाली सिमेंटच्या खास खोल्या बांधल्या, वर स्टुडिओत गायक गातोय, खाली मोकळ्या खोलीत स्पीकर तेच वाजवतोय आणि दुसरा माईक ते परत वर पाठवतोय. मग १९५७ ला जर्मनीच्या ईएमटी कंपनीने एक मोठा पोलादी पत्राच फ्रेममध्ये टांगला, आवाजाने तो थरथरतो आणि तोच रिव्हर्ब, अडीचशे किलोच्या वर वजन, उचलायला पैलवान पाहिजेत. १९७६ ला डिजिटल रिव्हर्ब आला, आणि आज तेच सगळं मोबाईलच्या ॲपमध्ये फुकट मिळतं, त्यामुळे लोक वापरतात पण तसंच, फुकटचं म्हणून. बाकी ड्राय आवाज हा काही बिलीचा नवा शोध नाही, ७० च्या दशकात अमेरिकेतले स्टुडिओ भिंतीला कार्पेट लावून असेच मुके करून ठेवलेले असायचे, मग ८० च्या दशकात सगळं परत घुमायला लागलं. फॅशन फिरत राहते.

आणि आपल्या मराठी माणसाला लॉस एंजेलिसचं दुसरं टोक पण माहीत आहे. २०१६ ला आलेल्या 'सैराट'चं संगीत अजय-अतुलनी तिकडच्याच सोनी स्कोअरिंग स्टेजवर, म्हणजे सिनेमाचं संगीत रेकॉर्ड करायच्या मोठ्या हॉलमध्ये रेकॉर्ड केलं, मोठा ऑर्केस्ट्रा बसवून. तिथे पैसे वादकांचे असतात तसे त्या हॉलचे पण असतात, व्हायोलिनचा आवाज त्या हॉलमध्ये जसा फुलतो तसा रजयांच्या खोलीत मेला तरी फुलणार नाही. एकाच शहराच्या आसपास, तीनच वर्षांच्या अंतराने, एक जण हॉलसाठी समुद्र ओलांडून जातो आणि एक जण हॉलचा मागमूसही नको म्हणून बेडरूममध्ये बसतो, आणि दोघांचं बरोबर आहे कारण दोघांना आधीच माहीत होतं की आपल्याला काय ऐकू यायला हवंय.

आमच्याकडे ते ठरवतच नाही कोणी, ही माझी खरी तक्रार आहे. गावाकडच्या ऑर्केस्ट्रात गायकाने माईक हातात घेतला की पहिलं वाक्य, "इको वाढव रे!" सूर जरा इकडेतिकडे असला की इको, म्हणजे हाच घुमारा, ते झाकतो, हे त्यालाही माहीत असतं आणि मलाही. हॉल आधीच घुमतोय, पत्र्याचं छत, त्यात मी इको वाढवला की चौथ्या रांगेच्या पुढे गाण्याचे शब्दच पोचत नाहीत, आणि भावगीतात शब्द गेले तर उरलं काय? मी रिव्हर्बच्या आधी आवाजातला 'स' 'श' दाबतो, खालचा घुमघुमाट कापतो, शब्द आणि घुमारा यांच्यात किंचित वेळ सोडतो म्हणजे शब्द आधी पोचतो आणि शेपूट मागून येतं. एवढं केलं की गायकाला वाटतं इको कमी केला, श्रोते म्हणतात आज शब्द छान कळले. मग गायक माझ्यावर रुसतो, ते चालतं.

घरी केलेल्या नव्या मराठी गाण्यांत पण हेच दिसतं, आवाजावर जाड रिव्हर्ब, त्यावर ट्यून करणारं सॉफ्टवेअर, वर बासरीला पण तेवढाच रिव्हर्ब आणि ढोलकीला पण, मग सगळेच लांबच्या कुठल्यातरी एकाच गुहेत बसल्यासारखे. ढोलकीची थाप कोरडी पाहिजे हो, तीच तर मजा. वर 'स्लोड अँड रिव्हर्ब' नावाचा प्रकार आलाय, आहे ते गाणं हळू करायचं आणि घुमवायचं, त्याचं मूळ अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या डीजे स्क्रूपर्यंत जातं, तो ९० च्या दशकात टेपवर गाणी संथ करायचा. आता आपली जुनी भावगीतं पण तशी मिळतात. रात्री ऐकायला एखादं बरं वाटतं, नाही म्हणत नाही, पण पोरांनी मूळ गाणं ऐकलेलंच नसतं आणि त्यांना वाटतं गाणारा असाच झोपेत गायचा.

समीक्षकांना एक विनंती. मोबाईलच्या एका बारक्या स्पीकरवर ऐकून रिव्हर्ब आहे की नाही ठरवू नका, डाव्या-उजव्या बाजूला पसरवलेला रिव्हर्ब तिथे एकत्र होताना बराच दबतो, मग वाटणारच की आवाजाला काही लावलेलं नाही. साधे वायरचे हेडफोन चालतील, फार खर्चाचं काम नाही. आणि गायक-संगीतकाराबरोबर मिक्सिंग कोणी केलं, मास्टरिंग कोणी केलं ही दोन नावं देत चला. इंग्रजी अल्बमची नावं पटकन सापडतात, मराठी गाण्याच्या खाली बऱ्याचदा नसतातच, तर फोन करून विचारा, ती माणसं खूश होऊन सांगतील कारण आजवर त्यांना कोणी विचारलेलंच नसतं.

आणि तो मोबाईलवर गाऊन टाका हा सल्ला पुढच्या रविवारी दोन ओळींत तरी दुरुस्त करा ही विनंती. पत्र लांबलंय हे मला कळतंय, कापायचं असेल तर इतिहासाचा भाग कापा, टाळीचा तेवढा राहू द्या.

आपला,
एक नियमित वाचक, मिरज