गॉटहार्डची खिंड आणि खालची घळ

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला स्वित्झर्लंडमधल्या आल्प्स पर्वतातल्या गॉटहार्डच्या ५७ किलोमीटरच्या रेल्वे बोगद्यावरचा लेख वाचला. बोगद्याची माहिती नेटकी आहे. मात्र गॉटहार्डची खिंड ‘रोमन काळापासूनचा मुख्य व्यापारी मार्ग’ होती, हे विधान टिकणारे नाही. रोमनांची भिस्त ग्रेट सेंट बर्नार्डसारख्या खिंडींवर होती. गॉटहार्डवरून नियमित मालवाहतूक सुरू व्हायला तेरावे शतक उजाडले.

खिंड २,१०६ मीटरवर आहे, पण खरा अडसर माथ्यावर नव्हताच. उत्तरेकडून चढताना आंडरमॅट गावाच्या अलीकडे शॉलेनेनची घळ लागते. रॉइस नदी तिथे उभ्या कातळांमधून कोसळते आणि काठाला पाऊल टेकवायलाही जागा नाही. १२३० च्या आगेमागे नदीवर लाकडी पूल झाला, तोच पुढे ‘सैतानाचा पूल’ म्हणून गाजला. वरच्या अंगाला कातळाच्या कडेने साखळ्यांवर टांगलेली फळ्यांची वाट बांधली गेली. लगोलग १२३१ मध्ये जर्मन राजा हेन्रीने घळीखालचे उरी खोरे हाब्सबर्ग या सरदार घराण्याच्या ताब्यातून सोडवून थेट पवित्र रोमन साम्राज्याखाली घेतले; वाट नुकतीच खुली झाली असताना हे घडावे, हा योगायोग मानणे कठीण आहे.

नदीच्या तुषारांत आणि पुरात फळ्यांना सतत डागडुजी लागे. अखेर १७०७-०८ मध्ये पिएत्रो मोरेत्तिनी या अभियंत्याने सुरुंग लावून त्याच कातळातून ६४ मीटरचा बोगदा काढला. आल्प्समधला हा पहिला रस्ता-बोगदा. लादलेले खेचर जेमतेम जाईल, एवढीच त्याची रुंदी होती. गाडीजोगा तो नंतर झाला.

लेखात वाहतुकीबद्दल दोनच ओळी आहेत. उत्तरेकडच्या ल्युसर्न शहरातून माल तळ्यातून नावेने दुसऱ्या टोकाच्या फ्लुएलेन गावाला येई, कारण काठाने सलग रस्ता १८६५ पर्यंत नव्हता. तिथे तो खेचरांवर चढे. एका जनावरावर साधारण सव्वाशे ते दीडशे किलो, तेही दोन सारख्या वजनाच्या गाठींत. एक गाठ जड झाली की खोगीर सरकते, पाठ सोलवटते, आणि अरुंद वाटेवर जनावराचा तोल दरीकडे जातो. म्हणून माल मुळातच खेचराच्या मापाने बांधावा लागे. उत्तरेकडे तांदूळ आणि दारू जाई, दक्षिणेकडे चीज. उत्तर इटलीतल्या लोम्बार्दीच्या बाजारात विकायची गुरे अर्थातच आपल्या पायांनी खिंड ओलांडत.

आपल्याकडे वऱ्हाड-नागपुरात लमाणांचा तांडा मीठ-धान्य बैलांवर घालून सलग लांबचा पल्ला मारी. गॉटहार्डवर तसे नव्हते. प्रत्येक खोऱ्यातल्या खेचरवाल्यांच्या संघाचा आपापल्या टप्प्यावर हक्क असे. हद्द आली की माल गोदामात उतरवायचा, शुल्क भरायचे आणि पुढच्या गावच्या जनावरांवर लादायचा. व्यापारी यावर वैतागत, जादा पैसे मोजून माल थेट नेण्याची सोय करून घेत. पण ही नुसती मक्तेदारी नव्हती. वाट आणि पूल राखायची जबाबदारी याच गावांवर होती. हिवाळ्यात बैल घालून बर्फ तुडवायचा आणि माल लहान घसरगाड्यांवर न्यायचा, हे कामही त्यांचेच.

तरीही गॉटहार्ड आल्प्समधला सर्वांत मोठा मार्ग नव्हता. सुमारे १,३७० मीटरवरच्या ब्रेनर खिंडीतून चाकाच्या गाड्या फार आधीपासून जात. गॉटहार्डवर पक्का गाडीरस्ता १८३० चा आणि रोजची टपालगाडी १८४२ ची. १८८२ मध्ये १५ किलोमीटरच्या पहिल्या, जुन्या बोगद्यातून रेल्वे धावू लागली आणि टपालगाडीचा धंदा बसला.

शेवटी लेखासोबतच्या सैतानाच्या पुलाच्या चित्राबद्दल. ‘मध्ययुगीन पूल’ म्हणून छापलेली कमान १८३० ची आहे. त्याआधीचा दगडी पूलही मध्ययुगीन नव्हता. तो १५९५ चा होता आणि १८८८ मध्ये कोसळला. चित्राखालची ओळ दुरुस्त करावी, ही विनंती.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर