तासांवर भाव ठरवणारे परीक्षण

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत आपल्या परीक्षकांनी ‘द डार्कनेस टू’ हा व्हिडिओ-खेळ ‘पाच-सहा तासांत संपतो, सबब घेऊ नये’ असे म्हणून निकालात काढला आहे. खेळ लहान आहे हे खरे, आणि ते सांगायला परीक्षक नेमण्याची गरज नव्हती, कारण तेवढे तर विकत घेणाऱ्या कोणालाही आधीच ठाऊक असते. मी पाचपाखाडीत राहते, ऐरोलीत नोकरी करते आणि रात्री घरातली कामे उरकली की स्वतः खेळते. त्यामुळे ‘आजच्या तरुण पिढीला’ उद्देशून दिलेला हा सल्ला मलाही लागू होतो असे धरून हे पत्र लिहीत आहे.

रद्दीवाल्याने किलोवर भाव करावा तसा तासांवर खेळाचा भाव करण्याची ही पद्धत या सदराला नवी नाही. मागच्या दिवाळीत याच सदराने ‘सुट्टीभर पुरेल’ अशी हमी देऊन एक अवाढव्य खेळ सुचवला होता. नौपाड्यातील एका दुकानातून मी तो सीलबंद खोक्यात, पूर्ण किंमत मोजून आणला. घरी डिस्क घातल्यावर समजले की तिच्यावर खेळाचा काही भागच आहे आणि उरलेला इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा आहे. आमच्या सोसायटीतील इंटरनेटच्या कृपेने त्यात रात्र गेली. नंतर प्रत्यक्ष खेळ सुरू झाला तेव्हा पात्राची केशरचना निवडणे, घोड्यावर बसायला शिकणे आणि वाटेतला झाडपाला गोळा करणे यांपलीकडे बराच वेळ काही घडेना. नकाशावर कामांच्या खुणा मात्र इतक्या होत्या की कार्यालयातील प्रलंबित फायली बऱ्या वाटाव्यात.

खेळ परत करावा म्हणून गेले, तर दुकानदारांनी काउंटरच्या काचेवर चिकटवलेल्या आपल्याच सदराच्या कात्रणाकडे बोट दाखवले आणि अत्यंत सौजन्याने म्हणाले, ‘‘मॅडम, सील फुटलं की माल परत होत नाही. आणि पेपरात तर किती छान लिहून आलंय!’’ बदलून दुसरा खेळ द्या म्हटले तर जुन्या डिस्कचा भाव सांगितला, आणि तो ऐकून मी खोके पिशवीत घालून घरी आणले. दुकानदारांचा नियम त्यांच्यापाशी; परंतु ज्या शिफारशीच्या जोरावर तो खेळ माझ्या गळ्यात पडला, ती लिहिणाऱ्यांनी स्वतः तो किती खेळला होता, हे विचारण्याचा अधिकार मला आहे असे मी समजते.

आता कालच्या खेळाचे पाहा. हाच खेळ संगणकासाठी ‘स्टीम’ या इंटरनेटवरील खेळांच्या दुकानातून घेतला, तर खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळला असल्यास पैसे परत मागता येतात. शंभर तासांच्या खेळात त्या दोन तासांत फार तर घोडा ओळखीचा होतो. पाच-सहा तासांच्या खेळात मात्र तेवढ्या वेळात जवळजवळ एक तृतीयांश खेळ हाताखालून जातो, आणि घ्यावा की परत करावा याचा निर्णय डोळसपणे करता येतो. म्हणजे ज्या आखूडपणासाठी परीक्षकांनी गुण कापले, त्यानेच ग्राहकाची फसगत होण्याची शक्यता कमी होते.

शिवाय खेळाच्या गाभ्याविषयी परीक्षणात अक्षर नाही. नायक जॅकी एस्टाकाडो हा माफियांचा म्होरक्या. त्याच्या अंगात अंधाराची शक्ती आहे आणि खांद्यांवरून निघणारे दोन राक्षसी हात तिच्याच जोरावर चालतात. त्याच्या स्वतःच्या दोन हातांत दोन पिस्तुले, डावा राक्षसी हात वस्तू उचलून फेकतो, उजवा फटकारतो, आणि मोटारीचे दार उपटले तर त्याची ढाल होते. पण हे सगळे अंधारात. उजेडात पाऊल पडले की ते हात गळून जातात, डोळ्यांसमोर पांढरे होते आणि जखमा भरून येणे थांबते. त्यामुळे प्रत्येक खोलीत शिरताना आधी दिवे फोडायचे की आधी माणसे, हा प्रश्न सोडवावा लागतो. पुढे शत्रूच प्रखर दिवे घेऊन येऊ लागतात तेव्हा तर हा प्रश्न श्वास घेऊ देत नाही. परीक्षकांना हा खेळ ‘नेहमीचा गोळीबार’ वाटला. त्यांनी तो सर्वांत सोप्या काठिण्य-पातळीवर उरकला असावा अशी माझी नम्र शंका आहे, कारण त्या पातळीवर उजेडात उभे राहूनही निभावून जाते.

मुख्य कथा संपल्यावर मिळवलेल्या शक्तींसह ती पुन्हा खेळता येते, आणि ‘व्हेंडेटाज’ नावाचा वेगळा विभाग चार निराळ्या पात्रांसह एकट्याने किंवा जोडीदारांबरोबर खेळता येतो. त्या पात्रांना राक्षसी हात नाहीत, त्यामुळे तिथली गंमत मला अर्धीच वाटली. पण तो विभाग आहे एवढे तरी छापायला हवे होते.

ग्राहकाला खरोखर सावध करायचे होते तर एक गोष्ट सांगण्यासारखी होती. हा खेळ 2012 सालचा आहे, त्याची कथा ऐन मोक्यावर लोंबकळत सोडून दिलेली आहे आणि तिसरा भाग आजतागायत आलेला नाही. पहिला, 2007 सालचा भाग टीव्हीला जोडायच्या प्लेस्टेशन 3 आणि एक्सबॉक्स 360 या खेळयंत्रांसाठीच निघाला, संगणकावर आलाच नाही. म्हणजे संगणकावर खेळणाऱ्याच्या वाट्याला मागचे-पुढचे काही न येता फक्त मधला तुकडा येतो. सुरुवातीला मागील कथेचा सारांश ऐकवला जातो, तेवढ्यावर भागवावे लागते. याच कारणाने पूर्ण किमतीला तो घ्यावा असे मीही म्हणणार नाही. सवलतीत मिळाला तर जरूर घ्यावा, आणि निदान मधल्या काठिण्य-पातळीवर खेळावा.

जाता जाता आणखी एक. हे परीक्षण आपण मुलांच्या रंगभरण स्पर्धेच्या चौकटीला लागून छापले आहे. या खेळात माणसे उभी चिरली जातात, त्यांची काळजे खाल्ली जातात आणि शिव्यांना तोटा नाही. युरोपात त्याला 18 वर्षांवरील, तर अमेरिकेत 17 वर्षांवरील खेळाडूंसाठीचे मानांकन आहे. ते मानांकन परीक्षणात कुठेही नाही. तासांचा आकडा मात्र ठळक टाइपात, दोनदा आहे. यापुढे निदान त्याच टाइपात वयाचा आकडा छापावा आणि परीक्षकांनी खेळ कोणत्या पातळीवर, कुठवर खेळला हेही एका ओळीत द्यावे, ही विनंती. रंगभरणाच्या चौकटीत थोडी कपात केली तर तेवढी जागा सहज निघेल.

आपली नियमित वाचक,
पाचपाखाडी, ठाणे (पश्चिम)