गिरणी कामगाराचे गावाकडचे आयुष्य

रविवारच्या पुरवणीतील गिरणगावावरचा, म्हणजे मुंबईतल्या कापड गिरण्यांच्या भागावरचा लेख वाचला. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, हे त्यात आले; पण संपानंतर गावी परतलेल्यांबद्दल एक ओळही नाही. माझे वडील त्यांपैकीच. साचे (कापड विणायचे माग) चालवणारे हात रत्नागिरीतल्या कातळाला भिडले. आधी भाजावळ (पेरणीपूर्वी पालापाचोळा जाळून जमीन भाजणे) आणि भातलावणी. पुढे 1990 नंतर रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली, तेव्हा काजूची कलमे. उन्हाळ्यात ते कावडीने पाणी आणून प्रत्येक आळ्यात तांब्याने घालत, वर पेंढ्याचे आच्छादन करत. याच कमाईवर बहिणींची लग्ने झाली, आम्ही भावंडे शिकलो. गेल्या महिन्यात ते गेले. अशा माणसांची ‘संपात देशोधडीला लागलेले’ एवढीच नोंद राहणे अन्यायाचे आहे. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारातील वस्त्रोद्योग संग्रहालयात यंत्रे हवीतच. पण परतलेल्या कामगारांच्या मुलाखती, मनिऑर्डरच्या पावत्या, घरी धाडलेली पत्रेही तिथे यावीत. ती पिढी आता थकली आहे. महापालिकेने हे काम याच वर्षी हाती घ्यावे.

– एक वाचक, लालबाग, मुंबई